बनुबाईची आठ फुटी भिंत

...न्हाई, तुमीच सांगा मला, भिंत कुनी कशासाठी बांधतं? चोरासाठी बांधतं, मोकाट जनावरासाठी बांधतं, शेजाऱ्याचं तोंड सकाळी सकाळी दिसू नये म्हनून बांधतं... बरोबर? पन सख्ख्या आईसाठी, ती बी आई आत ऱ्हावी म्हनून, भिंत बांधनारा मानूस पाह्यलाय का तुमी? मी पाह्यलाय! मी बांधलीय ती भिंत, ह्या दोन हातांनी! एकदा बांधली, एकदा पाडली, परत बांधली, अन् त्या हापिसाचे जिने चढून गुडघे घासले ते येगळंच... आन तिथं खिडकीत बसलेला मानूस मान वर न करता काय म्हनायचा, ठाऊक हाय? "दीड मीटर म्हणजे दीड मीटर!"

तुमाला सांगतो, मी खाजाभाई, गवंडी. तीस वर्षं झाली ओळंबा धरतोय. गावाचं नाव सांगत न्हाई, कारन उद्या माझं परत त्याच हापिसात काम पडनार हाय. एवढं समजा, पुने रोडला चिकटून, सुप्याला जायला अर्धा तास.

आता ही गोष्ट माझी न्हाई, रामहरीची हाय. रामहरी माझा शेजारी, सुप्याच्या एमायडीशीत प्रेस मशिनवर कामाला. मानूस इतका गरीब, इतका गरीब, की रिक्षावाल्यानं भलत्याच ठिकानी उतरवला तरी "असू द्या" म्हनून घरापातूर चालत यील. बायको राही. आन आई बनुबाई, वय बहात्तर, पार तिकडं पाथर्डीच्या डोंगराकडची. म्हातारा वारल्यावर रामहरीनं आईला हितं आनली. कॉलनीच्या टोकाला, वळनावर, दोन खोल्यांचं घर, पुढं शंभर पावलांवर हमरस्ता. घर मी बांधलं, कंपाउंड बी मीच बांधलं, चार फूट, झकास, वरनं सिमेंटची पट्टी, कोपिंग... कुनाला ठाऊक हुतं पुढं काय वाढून ठिवलंय!

तर बनुबाईचं सगळं आयुष्य गेलं ऊसतोडीत. दिवाळी झाली की गावात ट्रक यायचा, हारन वाजवायचा, टोळी बसायची आन निघायची कारखान्याला, ती सा म्हैने तिकडंच. अशी तीस वर्षं! आन दोन वर्षांमागं बाईच्या डोक्यात धुकं शिरलं. नगरचा डाक्टर म्हनला, विसरायचा आजार हाय. आता आजार म्हंजी कसा बघा, सकाळी चा पेली का न्हाई ते आठवत न्हाई, सुनेला "तू कुनाची गं?" म्हनती, पन चाळीस वर्षांमागचा मुकादम कुठल्या रंगाचा पटका बांधायचा ते इचारा, घडाघडा सांगती! आन रोडवर ट्रकचा हारन वाजला रे वाजला... उठलीच! "आली गं गाडी! चला गं, टोळी निघाली!" फडक्यात दोन भाकरी बांधनार, पदर खोचनार, की चालली.

पहिल्यांदा गेली तवा रामहरीला कंपनीत फोन गेला. गडी धावत आला तर आई कुठं? हमरस्त्याच्या मधोमध, डिव्हायडरवर! दोन्हीकडनं कंटेनर पळतायत, आन ही भाकरीचं गठुडं घिऊन हात करतीया, "थांब की रं, मला सोडून कुठं चाललास?" रामहरीनं हाताला धरलं तर म्हनती कशी, "मुकादम, माझा खाडा लावू नगंस, पोरगं रडत हुतं म्हनून उशीर झाला." आन ते पोरगं म्हंजी हाच की! बेचाळीस वर्षांचं, समोर उभं, रडतंय!

मंग काय, फाटकाला कुलूप लावलं. आमी म्हनलं, मिटलं. कसलं मिटतंय! तिसऱ्या दिवशी बाई भिंतीवरनं गेली. हो! भिंतीवरनं! मी म्हनलं, बहात्तर वर्षांची बाई भिंत कशी चढंल? तर राही म्हनली, "खाजाभाई, डोळ्यानं पाह्यलं." मी म्हनलं, बरं, अजून एक फूट चढवू. पाच फूट केली. तिसऱ्या दिवशी मी माझ्या दारात दाढी करीत बसलोय, रोडवर हारन वाजला, आन बघतो तर काय... पदर खोचला, कासोटा मारला, उजवा पाय नळाच्या कट्ट्यावर, दोन्ही हात कोपिंगवर, आन हुप्! वर! आन पलीकडं कशी उतरली म्हनता? मानसानं घसरत उतरावं, पोटावर. ही न्हाई! ही उडी मारून, हात झटकून, चालू! माझ्या गालावर वस्तरा तसाच ऱ्हायला. नंतर डोक्यात उजेड पडला हो. डोक्यावर उसाची मोळी घिऊन फळीवरनं भरल्या ट्रकवर चढायची ही बाई, तीस वर्षं, दिवसातनं शंभर बारी! तिला पाच फूट म्हंजी काय? उंबरा!

त्या दिवशी एका टँकरनं असा ब्रेक मारला, असा मारला, की टायरांचा वास आमच्या गल्लीत आला. टँकर आन बनुबाई ह्यांच्यात दोन हात अंतर ऱ्हायलं हुतं. रामहरीनं आईला घरी आनली, पानी पाजलं, आन माझ्याकडं आला. आवाज हाय तसाच, बारीक. पन डोळे न्हाई तसे. म्हनला, "खाजाभाई, आठ फूट करायची."

मी म्हनलं, "करू की." आता मला काय ठाऊक! विटा आल्या, मी दोन थर चढवले, तेवढ्यात गटारीची मापं घ्यायला आलेल्या हापिसाच्या मानसांनी वर पाह्यलं. झालं! दुसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस. दर्शनी बाजू, त्यात वळन, कुंपनभिंत दीड मीटरच्या वर चालनार न्हाई, वाढीव काम काढून टाका. आन ते काढलं कुनी? मीच! जे थर काल प्रेमानं लावले ते आज छिन्नीनं फोडले. गवंड्याचं काळीज काय असतं तुमाला न्हाई कळायचं...

दुसरा कुनी असता तर गप बसला असता. मला वाटलं हा तर बसनारच, हा तर 'असू द्या' वाला. पन न्हाई! कंपनीतनं रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला म्हनला, "चला, परवानगी आनू." मी म्हनलं, "मी कशाला?" म्हनला, "भिंतीचं काही इचारलं तर तुमी सांगा, आईचं मी सांगतो." आमची बिबीजान आतनं वराडली, "जाव जी, शेजारधर्म हाय!" गेलो.

खिडकीत कानिफनाथ भाऊसाहेब. हा मानूस वाईट न्हाई बरं का, फक्त त्याच्या अन् जगाच्या मधी फायली हायत. रामहरी म्हनला, "साहेब, भिंत आठ फूट करायची परवानगी पायजे."

"दीड मीटर म्हणजे दीड मीटर."

"व्हय, पन खास बाब म्हनून..."

"कारण? चोरी? बिबट्या?"

"आई."

भाऊसाहेबानं पहिल्यांदा मान वर केली. "आई? आई बाहेरून येते का?"

"न्हाई, आतनं जाती."

"मग अहो, कुंपण हे बाहेरून आत येणाऱ्यासाठी असतं. आतून बाहेर जाणाऱ्यासाठी फाटक असतं."

"फाटकातनं जाऊ नये म्हनून कुलूप लावलंय, साहेब. म्हनून भिंतीवरनं जाती."

"वय काय?"

"बहात्तर."

भाऊसाहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला, आन रामहरीकडं असं पाह्यलं की जनू आईच्या ऐवजी हाच कुठनं तरी उडी मारून आलाय. म्हनला, "डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा."

गेलो नगरला. डाक्टरनं लिहून दिलं, विस्मरनाचा आजार, वृद्धापकाळ, अशक्तपना. आनलं. भाऊसाहेबानं बोट ठिवलं, "अशक्त बाई पाच फूट भिंत कशी चढेल? खोटं सांगता का?" परत नगर! डाक्टर म्हनला, "अहो ते 'अशक्तपणा' आम्ही सगळ्यांनाच लिहितो." खोडून लिहिलं, शरीरप्रकृती उत्तम. आनलं. भाऊसाहेब म्हनला, "प्रकृती उत्तम आहे, मग अडचण काय आहे?" तुमी असता तर काय केलं असतं? मी तर थापी फेकून मारली असती, पन ती घरी हुती! रामहरी शांत. म्हनला, "साहेब, पाय उत्तम हायती, डोकं न्हाई. दोन्ही एका कागदावर आनतो." आन आनलं! तिसऱ्यांदा नगरला जाऊन, दोन्ही एका कागदावर, शिक्क्यासकट!

मंग भाऊसाहेबानं अर्ज लिहून घेतला. इषय काय, तर 'कुंपणभिंतीच्या उंचीच्या नियमात शिथिलता मिळणेबाबत'. मला बापजन्मात तो शब्द ठाऊक न्हवता. घरी बिबीजानला सांगितलं, शिथिलता मागितलीय, तर ती म्हनली, "मिळाली तर मला बी आना थोडी, पाय लई दुखत्यात."

आन अर्ज दिला म्हंजी संपलं का? सोमवारी गेलो, साहेब मीटिंगला. गुरुवारी गेलो, साहेब आलेत पन फाईल मीटिंगला! पोळा गेला, दसरा गेला, रामहरीच्या रजा संपत आल्या. तवर घरी काय चाललेलं? राही दिवसभर सासूमागं. भाकरी थापताना एक डोळा तव्यावर, एक भिंतीवर. ती शनिशिंगणापूरकडची, तिच्या माहेरी घरांना कवाडं नसत्यात, ठाऊक हाय न्हवं तुमाला. तिचा बाप एक दिवस आला, भिंतीकडं पाह्यलं, म्हनला, "जावईबापू, आमच्यात दाराला कवाड न्हाई, अन् तुमी आठ फूट भिंत घालताय? कशाचं भ्या हाय एवढं?" तेवढ्यात रोडवर हारन वाजला, बनुबाई न्हानीतनं उठली, आन सासऱ्याच्या डोळ्यादेखत कट्ट्यावर पाय देऊन वर! रामहरीनं पळत जाऊन कमरंला मिठी मारली, वरच्या वर झेलली. सासरा जाताना म्हनला, "नऊ करा."

अखेर एक दिवस भाऊसाहेब म्हनला, "इंजिनियर मॅडम जागेवर पाहणीला येतील." मी इचारलं, कोन मॅडम? मेहरीन मॅडम, नव्यानं आल्यात. मी रामहरीच्या कानात म्हनलं, "झालं तुझं काम! आपल्यातली पोरगी हाय, मी दोन शब्द टाकतो." मॅडम आल्या. पोरगी इतकीशी, पन गळ्यात मोजपट्टी. मी म्हनलं, "सलाम वालेकुम बेटा, आमी बी इथलेच..." "वालेकुम सलाम चाचा," म्हनली, आन लगीच, "पट्टीचं ते टोक धरा." धरलं! दुसरं काय करनार! भिंत मोजली आन ती बी तेच, फक्त गोड आवाजात, "चाचा, दीड मीटर म्हणजे दीड मीटर."

आन तिनं कारन सांगितलं बरं का, भाऊसाहेबासारखं न्हाई. म्हनली, "हे वळण आहे. भिंत उंच झाली की गाडीवाल्याला पलीकडचं दिसत नाही. गेल्या वर्षी अशाच एका भिंतीच्या आडून सायकलवर एक मुलगी आली. मी तिच्या घरी जाऊन आलेय. तुमची आई वाचवायला मी दुसऱ्याचं लेकरू कसं धोक्यात घालू, सांगा?" खरं सांगतो, तीस वर्षांत मला वाटायचं नियम म्हंजी कुनीतरी बसल्या बसल्या काढलेली खोड. त्याच्यामागं एखादी पोर असंल, असं कधी मनात आलं न्हवतं. रामहरीनं मान खाली घातली. पन पाय मागं घेतला न्हाई. म्हनला, "मॅडम, ते लेकरू बी वाचलं पायजे. पन माजी आई उद्या मेली तर मी कुनाला इचारू?"

"बघू तरी आजींना," मॅडम म्हनल्या.

आन काय सांगू तुमाला! त्या दिवशी बनुबाई अशी बसलेली, अशी बसलेली, जनू देव्हाऱ्यातली देवी! डोक्यावर पदर, हात मांडीवर. मॅडमला म्हनली, "ये गं बाय, पानी पी. लांबनं आलीस?" भाऊसाहेब संगं आल्ता, तो माझ्याकडं बघून हसतोय, "ही बाई भिंत चढते?" आन तो रोड! ज्या रोडवर दिवसरात्र हारन, हारन, कानाचे पडदे फाटायची येळ... त्या रोडवर अर्धा तास एक हारन न्हाई! सगळे डायवर जनू मौन धरून चाललेले! मी मनात सगळे पीर आठवले, एक तरी ट्रक वाजू दे, मालिक!

भाऊसाहेब म्हनला, "असं करा, आजींना म्हणावं एकदा चढून दाखवा. फोटो काढतो, फाईलला लावतो."

तेव्हा रामहरी... बघा, मी ह्या मानसाला आठ वर्षं वळखतो, आवाज चढलेला ऐकला न्हाई कधी. त्या दिवशी बी चढवला न्हाई. फक्त म्हनला, "न्हाई साहेब. माजी आई खेळ दाखवायला न्हाई. न्हाई मिळाली परवानगी तर नगं. मी नोकरी सोडून दारात बसंन." आन जाऊन आईच्या शेजारी खाली बसला. मॅडमनं वही मिटली. भाऊसाहेबानं खिशात फोन घातला. निघाली सगळी, राहीनं मागनं फाटकाला कुलूप लावलं.

आता ऐका! ते जीपमधी बसले. मॅडम पुढं, भाऊसाहेब मागं. जीप मागं घ्यायची तर मधी कुनाची तरी म्हैस येऊन उभी. डायवरनं दाबला हारन! पोंऽऽऽ!

"आली गं गाडी!"

पदर खोचला, कासोटा, कट्टा, कोपिंग, हुप्! रामहरी उठंपातूर बाई पलीकडं! आन जीपचा मागचा दरवाजा उघडून आत बी बसली! भाऊसाहेबाला कोपरानं ढकलत म्हनती कशी, "सरक की रं मुकादमा, एवढी जागा कशाला लागती तुला? बाकीच्या बाया कुठं बसनार?" भाऊसाहेब सरकला! अहो, सरकला म्हंजी पार पत्र्याला चिकटला! ज्या मानसानं चार म्हैन्यांत आमची फाईल एक बोट सरकवली न्हवती, तो एका दमात दोन फूट सरकला!

बरं, उतरा म्हनलं तर उतरंना. रामहरीनं समजावलं, राहीनं हात जोडले. "न्हाई. मागच्या साली मागं ऱ्हायले तर टोळी निघून गेली. मी न्हाई उतरनार." मॅडमनं मागं वळून पाह्यलं. मंग डायवरला म्हनली, "चला, आजींना घेऊन चला." रामहरी आईशेजारी बसला, जीप पार टोलनाक्यापातूर जाऊन परत आली. आन येताना बाई काय खुश! दारात उतरली, भाऊसाहेबाला म्हनली, "गाडी बरी हाय, पन तू लई सुस्त हायेस." आत गेली, जेवली, आन पाय पसरून झोपली. चार दिवस भिंतीकडं फिरकली न्हाई.

जाताना मॅडमनं रामहरीला बाहेर बोलावलं. म्हनली, "वरचा भाग आरपार दिसेल असा केला तर मी खास बाब म्हणून वर लिहिते. पाच फूट वीट, वर तीन फूट जाळी." मी कपाळाला हात लावला. "बेटा, जाळी म्हंजी शिडी! ह्या बाईला जाळी दिली तर ती वर बसून भाकरी खाईल!" मॅडम हसली. जीपच्या बॉनेटवर धूळ हुती, तिच्यावर रामहरीनं बोटानं रेघा काढल्या, उभ्या, एकापाशी एक. म्हनला, "उभे गज. आडवं काहीच नगं. पाय ठिवायला जागा न्हाई, आन बघायला आडोसा न्हाई." मॅडमनं त्या रेघांचाच फोटो काढला! तोच फायलीला लागला म्हनत्यात.

आन मिळाली परवानगी! शिमग्याच्या आठ दिवस अगोदर, सही, शिक्का, जावक नंबर! भाऊसाहेबानं कागद देताना मला म्हनलं, "खाजाभाई, इंचभर जास्त झालं तर पाडायला लावीन." मी म्हनलं, "साहेब, आता मी स्वप्नात बी दीड मीटरच बघतो!"

बांधली! अशी बांधली, अशी बांधली, की ओळंबा लावला तर दोरा लाजंल! नळाचा कट्टा फोडून टाकला. वर उभे गज, काळा रंग. फाटक नवं, कुलूप नवं. रामहरीनं भिंतीवर हात फिरवला, माझे दोन्ही हात धरले. मानूस त्या दिवशी पयल्यांदा कामावर गेला आन दुपारी घरी फोन न करता पूर्न पाळी भरून आला.

गोष्ट हितं संपायला पायजे हुती का न्हाई? मी बी तेच म्हनलं!

पन पाचव्या दिवशी राही आमच्याकडं आली, बिबीजानला म्हनली, "आत्या जेवत न्हाईत." काय झालं? तर हारन वाजला की बाई उठती. गठुडं बांधती. भिंतीपातूर जाती, वर बघती. हात पुरत न्हाई. मंग तिथंच भिंतीला पाठ लावून बसती. ओरडत न्हाई, रडत न्हाई. हळूच म्हनती, "गेली. सगळी गेली. मलाच ठिवली." भाकर तशीच फडक्यात. असं दिवसातनं धा बारी.

रामहरी त्या दिवशी कामावरनं आला तवा मी तिथंच हुतो. आई भिंतीपाशी बसलेली. हा बी डबा तसाच हातात घिऊन तिच्या शेजारी बसला. दोघं बी भिंतीकडं पाठ करून. मंग मला म्हनला, "खाजाभाई, मी सा वर्सांचा असताना मला आजीपाशी ठिवून हे दोघं ट्रकमधी जायचे. मी ट्रकमागं पळायचो. पांदीच्या वळनापातूर पळायचो, मंग धुळीत दिसायचं बंद व्हायचं. मागं ऱ्हायल्यावर कसं वाटतं, ते मला चांगलं ठाऊक हाय... आन मीच सा म्हैने हापिसात खेटे घालून तिला मागं ठिवायची परवानगी आनली."

मी म्हनलं, "मंग पाडू का?" खरंच म्हनलं. माझ्या हातची सगळ्यात सरळ भिंत, तरी म्हनलं.

"न्हाई," तो म्हनला, "भिंत ऱ्हाऊ द्या. मी दिवसभर कामावर असतो. पन रोज एकदा फाटक उघडायचं. टोळी निघाली पायजे. तुमचा टेम्पो हाय न्हवं?"

बघा हं! आता माझा टेम्पो! रेती-सिमेंटचा टेम्पो! मी म्हनलं, "अरे पन..." तर आतनं बिबीजान, "जाव जी!" हिला आमच्या घरात भिंतीपलीकडचं कसं ऐकू येतं, अल्ला जाने!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला टेम्पो फाटकापुढं लावला, हारन वाजवला. रामहरीनं कुलूप काढलं. बनुबाई गठुडं घिऊन आली, टेम्पोकडं वरपासनं खालपातूर पाह्यलं, "ह्या साली मुकादमानं बारकी गाडी धाडली, व्हय?" चढली. रामहरी संगं चढला, मागं, पोत्यावर, आईच्या पायापाशी. टोलनाक्यापातूर गेलो, वळलो. आरशात बघतो तर दोघं भाकरी खातायत. ती भाकर मोडून त्याला देती, "खा रं, लांबचा पल्ला हाय." आन तो बेचाळीस वर्षांचा बाप्या, तोंड भरून खातोय.

परत आलो घरापाशी, तर बाईनं मान वर करून भिंतीकडं पाह्यलं, ते काळे गज पाह्यले, आन तोंडाला पदर लावला. "बया! केवढा मोठा कारखाना! मागच्या सालापरीस दुप्पट हाय!" आन आपल्या पायानं, कुनी न ढकलता, फाटकातनं आत गेली. रामहरीनं कुलूप लावलं. रात पडायच्या आत जेवून बाई गपगार झोपली. हापिसानं मंजूर केलेली शिथिलता ही असंल, तर मला आत्ता कळली!

तेव्हापासनं रोज. रोज! साडेपाच वाजले की माझं काम बंद, हातातली थापी खाली. मालक वराडतो, "खाजाभाई, थर अर्धा ऱ्हायलाय!" मी काय सांगू त्याला, टोळी निघायचीय म्हनून? आन आता एकटी बनुबाई न्हाई बरं, पलीकडच्या गल्लीतली रतनबाई चढती, "मला बी हवा खायचीय" म्हनून, दोन आज्या आनखी, आन पुढं माझ्या शेजारी कोन? बिबीजान! शेजारधर्म हाय म्हनं!

परवा उतरताना बनुबाईला काय वाटलं, भिंतीवर हात ठिवला, म्हनली, "भिंत चांगली सरळ हाय. कुनी बांधली रं?" अहो, तीस वर्षांत एका मालकानं असं इचारलं न्हाई! माझी छाती ही एवढी फुगली. मी म्हनलं, "मीच बांधली, आजी."

बाईनं माझ्याकडं नीट पाह्यलं. माझ्या टेम्पोकडं पाह्यलं. म्हनली, "मंग भिंतीच बांध की, बाबा. गाडी लई वंगाळ चालवतोस."

...किती वाजले? सव्वापाच? निघतो, निघतो. उशीर झाला तर माझा खाडा लावती ती.